कोणाच्या नियमाने खेळावयाचे?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही मजुरांच्या प्रश्नावर बोलू अशी त्यांची समजूत असणार. तीस वर्षे ज्याने बाजार समितीच्या आवारात आणि मिरचीच्या पथारीवर घालवली, तो दुसरे काय बोलणार? आम्ही विषय कळवला तो असा : 'कॅनडातील स्त्रियांचे बास्केटबॉलचे पहिले अजिंक्यपद'. दुसऱ्याच दिवशी चिटणीस स्वतः घरी आले. आमची प्रकृती ठीक आहे ना, हे पाहावयासच आले असावेत. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलले, आणि शेवटी म्हणाले, "भाऊ, विषय नक्की हाच ना?" आम्ही म्हणालो, हाच.

हा विषय आमच्याकडे कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुने इंग्रजी टंकलेखन यंत्र होते. भंगाराच्या भावात घेतलेले, 'अंडरवुड' कंपनीचे. मागणीपत्रे, संपाच्या नोटिसा, तडजोडीचे मसुदे, सारे आम्ही दोन बोटांनी त्याच्यावर बडवत आलो. एकदा वाचनालयात खेळांवरील एक इंग्रजी ग्रंथ चाळत असता 'अंडरवुड करंडक' असे शब्द दिसले. आमचेच यंत्र! टंकलेखन यंत्राच्या कंपनीने करंडक कशाला ठेवला असेल, या कुतूहलाने वाचू लागलो. तो करंडक १७ वर्षे एकाच संघाकडे होता, तो संघ मुलींचा होता, आणि त्या मुलींपैकी पुष्कळजणी दिवसा कचेऱ्यांतून टंकलेखन करणाऱ्या नोकरदार मुली होत्या. मग आम्ही तो ग्रंथ चाळणे सोडून नीट वाचावयास बसलो.

कॅनडाच्या पश्चिमेस आल्बर्टा नावाचा प्रांत आहे. त्याची राजधानी एडमंटन. थंडी अशी की आपल्या तोरणमाळच्या थंडीस तेथे कोणी थंडी म्हणणार नाही. त्या गावात मॅक्डूगल कमर्शियल हायस्कूल नावाची शाळा होती. तेथे लघुलेखन, टंकलेखन, हिशेब असे पोटापाण्याचे विषय शिकवीत. म्हणजे ही शाळा बड्यांच्या मुलींची नव्हे. शिकून लगेच नोकरी धरावी लागणाऱ्यांची. तेथे पर्सी पेज नावाचे शिक्षक होते. त्यांनी मुलींचा बास्केटबॉलचा संघ उभा केला. १९१५ साली त्या संघाने प्रांताचे अजिंक्यपद मिळवले आणि त्याच वर्षी मुली शाळेतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. एरवी गोष्ट तेथेच संपावयाची. आपल्याकडे अशीच संपते. शाळा सुटली की मुलीचा खेळ सुटला. या मुलींनी मात्र सांगितले की आम्हांस पुढेही खेळावयाचे आहे. मग शाळेच्या माजी विद्यार्थिनींचा संघ निघाला. त्याचे नाव 'कमर्शियल ग्रॅज्युएट्स', आणि लोकांच्या तोंडी 'ग्रॅड्स'. ग्रॅज्युएट म्हणजे विद्यापीठाच्या पदवीधर असे कोणी समजू नये. कमर्शियल शाळेतून उत्तीर्ण झालेल्या, एवढाच अर्थ.

आता थोडे खेळाविषयी. बास्केटबॉल हा मैदानात उगवलेला खेळ नव्हे, बसून योजलेला आहे. जेम्स नेस्मिथ नावाचा मूळचा कॅनडाचाच तरुण शिक्षक अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे होता. हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा काही खेळ काढा, असे त्यास सांगण्यात आले. १८९१ च्या डिसेंबरात त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या दहा फूट उंचीवर टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकावयास सांगितले. टोपलीला तळ होता, म्हणून प्रत्येक वेळी वर चढून चेंडू काढावा लागे. तळ काढून टाकण्याची बुद्धी मागाहून झाली.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९२ साली, स्मिथ कॉलेज नावाच्या मुलींच्या महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ मुलींस शिकवला. शिकवताना तिने नियम बदलले. मैदानाचे तीन भाग केले. जिला जो भाग नेमून दिला तिने त्याच भागात राहावयाचे, रेषा ओलांडावयाची नाही. दुसरीच्या हातून चेंडू हिसकावयाचा नाही. चेंडू तीन सेकंदांहून अधिक वेळ हाती धरावयाचा नाही. कारण काय, तर मुलींच्या प्रकृतीस धावपळ झेपत नाही, आणि धसमुसळेपणा त्यांच्या शीलास शोभत नाही. बाईंचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. मुलींनी खेळूच नये असे म्हणणारे चहूकडे बसले असता, त्यांच्या तोंडाला कुलूप घालून खेळ दारातून आत आणावयाचा तर काही सवलत द्यावी लागते. वाटाघाटीच्या टेबलावर आम्हीही अशा सवलती दिल्या आहेत. दोष सवलतीत नसतो. दहा वर्षांनी ती सवलत कायदा म्हणून भिंतीवर टांगली जाते, तेथे दोष येतो. या बाबतीत दहा नव्हे, शंभर वर्षे गेली. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील शाळांत मुलींचा सहाजणींचा, मैदान वाटून दिलेला खेळ १९९५ पर्यंत चालू होता!

एडमंटनच्या मुली मात्र पुरुषांच्या नियमांनी खेळत. पाचजणी, सबंध मैदान, धावावयाचे तितके धावा. पूर्वेकडील ओंटारिओ प्रांतात मुलींचे नियम चालत : सहाजणी आणि वाटून दिलेले मैदान. म्हणजे एकाच देशात एकाच नावाचे दोन खेळ. असे असता देशातील अजिंक्य संघ कोणता, हे ठरवावयाचे कसे?

१९२२ साली हा प्रश्न उभा राहिला. पूर्वेचा अजिंक्य संघ होता लंडनचा. हे लंडन विलायतेतील नव्हे. ओंटारिओत त्याच नावाचे शहर आहे. संघाचे नाव 'शॅमरॉक्स'. एडमंटनच्या मुलींचे आव्हान त्यांनी स्वीकारले, पण खेळ व्हावयाचा लंडनला. एडमंटनपासून लंडनपर्यंत आगगाडीचा रस्ता तीन हजार किलोमीटरांहून अधिक. आपल्याला अंदाज यावा म्हणून सांगतो : आपण नंदुरबार स्टेशनावर सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीत बसलो आणि भुसावळवरून थेट हावड्यास गेलो, तरी त्या प्रवासाचे अर्धेच अंतर व्हावयाचे. भाड्याला सरकारी तिजोरी उघडली नाही. इकडून तिकडून जमवाजमव करून मुली गाडीत बसल्या. त्या नोकरदार होत्या हे विसरू नका. जाण्याचे दिवस, खेळण्याचे दिवस, येण्याचे दिवस. इतकी रजा मालकाकडे मागावयाची आणि तीही चेंडू खेळण्यासाठी! रजेचा अर्ज लिहिण्यात आमचे आयुष्य गेले आहे, म्हणून आम्हांस या अजिंक्यपदातील सर्वांत अवघड सामना तोच वाटतो.

आता नियमांचा तंटा कसा सुटला ते पाहा. दोन सामने खेळावयाचे ठरले. एक लंडनच्या नियमांनी, एक एडमंटनच्या नियमांनी. आणि दोन्ही सामन्यांतील गुणांची बेरीज करून ज्याची अधिक तो विजयी. हे वाचले तेव्हा आम्ही वाचनालयात मोठ्याने हसलो आणि ग्रंथपालांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले. ही तर तडजोड! एक दिवस तुझ्या घरी, एक दिवस माझ्या घरी, आणि हिशेब शेवटी एकत्र. असा तोडगा सुचावयास कोणी तरी वाटाघाटीत मुरलेला माणूस तेथे असला पाहिजे.

मुलींच्या नियमांनी झालेल्या सामन्यात एडमंटनच्या मुलींचे काही चालले नाही. सबंध मैदान धावावयाची सवय, आणि येथे पाऊल टाकावे तर पुढे रेषा. तो सामना त्या २१ विरुद्ध ८ असा हरल्या. पुरुषांच्या नियमांनी झालेल्या सामन्यात लंडनच्या मुली ४१ विरुद्ध ८ अशा हरल्या. बेरीज केली तर एडमंटन ४९, लंडन २९. अशा रीतीने एडमंटनच्या मुली कॅनडाच्या अजिंक्य ठरल्या आणि १९४० साली संघ बंद होईपर्यंत ते पद त्यांच्याकडून कोणी घेऊ शकले नाही.

या आकड्यांपाशी आम्ही बरेच दिवस घुटमळलो. परक्या नियमांत दोघींचेही गुण आठच! म्हणजे खेळण्याची अंगची शक्ती काय आहे हे जितके गुणांवरून कळते, तितकेच नियम कोणाचा होता यावरूनही कळते. पण आणखी एक आहे. आपल्या नियमात लंडनच्या मुलींनी २१ मिळवले, आपल्या नियमात एडमंटनच्या मुलींनी ४१. ज्या नियमाने मुलींना जपावयाचे ठरवले होते, त्या नियमाने त्यांची धाव कमी केली, गुण कमी केले. जपता जपता काय गेले, ते बेरीज करीपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

पुढच्या वर्षी, १९२३ साली, अमेरिकेतील क्लीव्हलँड येथून 'फेव्हरिट निट्स' नावाचा मुलींचा संघ एडमंटनला आला. ते स्वतःस जगज्जेते म्हणवीत. तेथेही दोन सामने, तीच बेरीज. एडमंटनच्या मुलींनी दोन्ही जिंकले. तेव्हा त्या अंडरवुड कंपनीने करंडक ठेवला. टंकलेखन करणाऱ्या मुलींचे गावोगाव नाव होत आहे, त्यांच्या मागोमाग आपल्या यंत्राचेही व्हावे, हा व्यापारी हिशेब. त्यात आम्हांस आश्चर्य नाही. १९४० साली करंडक त्यांना कायमचा देऊन टाकला. पंचवीस वर्षांत ५२२ सामने, त्यांपैकी ५०२ जिंकलेले. पंचवीस वर्षांत मिळून खेळाडू अवघ्या ३८. पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन अशा ऑलिंपिकच्या वर्षांत त्या युरोपात जाऊन खेळल्या, जिंकल्या आणि रिकाम्या गळ्याने परत आल्या. कारण बास्केटबॉल पुरुषांना १९३६ साली ऑलिंपिकमध्ये मिळाला, स्त्रियांना मिळाला १९७६ साली. तोही कॅनडातच, माँट्रिऑलला. तोवर १९२२ च्या मुली आज्या झाल्या होत्या.

आता दुसरी बाजू सांगितली नाही तर तो अन्याय होईल. त्याच काळात अमेरिकेत काही कर्त्या स्त्रियांनी मुलींच्या अजिंक्यपदांनाच विरोध केला. १९२३ साली तेथे स्त्रियांच्या खेळांसाठी एक संस्था निघाली. पुढे जे राष्ट्राध्यक्ष झाले त्या हूवर यांच्या पत्नी तिच्या प्रमुख होत्या. मुलींना गावोगाव नेऊन तिकिटे लावून खेळवू नये. पाचजणींना अजिंक्य करण्यापेक्षा पाचशेजणींना खेळू द्यावे, असे त्यांचे म्हणणे. यातील अर्धे आम्हांस पटते. तिकीटखिडकीवर बसणारे कोण असतात हे आम्ही जाणतो. कॅनडातही ॲलेक्झँड्रिन गिब या बाई वर्तमानपत्रातून सांगत होत्या की मुलींचा खेळ मुलींच्याच हाती असावा, आणि तेही खरेच होते. कारण ग्रॅड्सचे सारे काही एका पुरुषाच्या हाती होते. पेजसाहेब कडक माणूस. कसे वागावे, कसे राहावे, याचा दंडक त्यांचा. आणि लग्न झाले की मुलगी संघाबाहेर, ही तेथली रीत.

ही रीत वाचून आम्ही थबकलो, कारण ती आमच्या ओळखीची. मुंबईच्या एका औषधांच्या कारखान्यात वेष्टणे बांधणाऱ्या, चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या मुलींसाठी असाच नियम होता : लग्न केले की नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियनने तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९६५ साली न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला. लग्न झालेल्या बाईच्या हाताने चिठ्ठी वाकडी चिकटते काय, असाच जवळजवळ तो प्रश्न होता. चळवळीत नवीन येणाऱ्या पोरांना आम्ही हा निकाल आधी वाचावयास देतो. पेजसाहेबांच्या मुलींना मात्र असे न्यायालय नव्हते. त्यांना पगारच नव्हता, मग दावा कशाचा करणार?

म्हणून ग्रॅड्सची गोष्ट म्हणजे सरळ मुक्तीची गोष्ट, असे आम्ही सांगत नाही. मैदानावर रेषा नव्हती, मैदानाबाहेर होती.

आता आपल्याकडे वळू. १९३६ साली ग्रॅड्स युरोपात खेळत होत्या, त्याच वर्षी बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी तेथे हुतूतूचे प्रदर्शन केले. त्यांनाही पदक नाही, यांनाही नाही. दोघेही पाहुणे. नंतर १९५० साली कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ झाला. पुरुषांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद १९५२ साली मद्रासला. स्त्रियांचे १९५५ साली कलकत्त्यास. तीन वर्षे मागे. ओक्लाहोमाच्या मानाने आपण बरे. पण नियम वेगळा झालाच. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, स्त्रियांचे १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. मुलीने एक श्वास कमी घ्यावयाचा नाही, 'कबड्डी कबड्डी' हा घोष हळू करावयाचा नाही. जमीन मात्र कमी.

महाराष्ट्राच्या मुली कबड्डीत पुढे होत्या. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे मात्र राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या स्त्रियांचा संघ वर्षानुवर्षे जिंकू लागला. लोक म्हणतात रेल्वेची शिकवणी चांगली. असेल. पण आमच्या धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर रेल्वेने मुलींना नोकरी दिली, पगारी रजा दिली आणि प्रवासाचा पास दिला. एडमंटनच्या मुलींनी जे मागूनसवरून जमवले, ते येथे सेवेच्या शर्तीत लिहून आले. खेळातील वर्चस्व कोठून येते हे शोधावयाचे असेल तर व्यायामशाळेबरोबर हजेरीपटही पाहावा.

खोखोचेही पाहा. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीला पहिल्या विश्वचषकात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० असे हरवले. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. त्या दिवशी आमच्या कचेरीत पेढे वाटले गेले. पण धडगाव-मोलगीच्या आश्रमशाळेतील जी मुलगी वाऱ्यासारखी धावते, तिच्या घरची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि कोयत्याला जोडीदार हवा असतो. स्पर्धा कधी असतात? हिवाळ्यात. हा सामना कोणत्याही फलकावर लिहिला जात नाही.

आता आमचे स्वतःचे सांगतो. ते सांगण्यासाठीच हा विषय घेतला, असे म्हटले तरी चालेल.

२००१ साली आम्ही एका पेढीशी मिरचीच्या पथारीवरील कामगारांचा करार केला. पेढीचे नाव सांगण्याचे कारण नाही. चूक आमची होती. नंदुरबारची मिरची आपण सर्वांनी पाहिली आहे. हंगामात गावाबाहेर मैलभर लाल जमीन दिसते. ती मिरची पोत्यांतून ओढून पसरावयाची, उलथावयाची, सुकली की गोळा करावयाची. हे काम पुरुषही करीत, बायाही करीत. बाया त्याखेरीज देठ खुडीत. देठ खुडून बोटे अशी भगभगतात की रात्री लेकराच्या अंगाला हात लावता येत नाही. करारात पुरुषांचा वर्ग झाला 'पथारी कामगार' आणि बायांचा वर्ग झाला 'देठ खुडणे व इतर हलके काम'. दर कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, हे आम्हांस पाठ होते. पण तो कायदा सारख्या कामाला सारखा दर म्हणत असे. मग कामाचे नावच वेगळे लिहिले की कायदा बाजूस बसतो. हा डाव पेढीच्या वकिलाचा. आमची सही त्याच्याखाली. बायांना निदान काही वाढ मिळते आहे ना, पुढच्या करारात पाहू, असे आम्ही मनाशी म्हणालो. तो मसुदा आम्हीच, त्याच अंडरवुडवर, दोन बोटांनी टंकित केला होता.

२००४ साली १ मे रोजी युनियनने खेळ ठेवले. प्रथमच बायांची कबड्डी ठेवली. आमचा शिरस्ता असा की काही करावयाचे तर नियमाने. आम्ही नियमांचे पुस्तक आणले, पंच बोलावला, फक्की आणली आणि स्वतः उभे राहून मैदान आखून घेतले. पुरुषांचे मोठे, शेजारी बायांचे लहान. पथारीवरच्या एक बाई होत्या, वय चाळिशीच्या घरात, दोन मुलींची लग्ने केलेली. पदर खोचून रेषेपाशी आल्या, पावलांनी दोन्ही मैदाने मोजली आणि आम्हांस म्हणाल्या, "भाऊ, आमनं मैदान धाकलं काबर शे?"

आम्ही पुस्तक दाखवले. बायांसाठी नियम असा आहे म्हणालो.

त्या म्हणाल्या, "पोतं तं आमले धाकलं नही देतस."

भोवतालच्या बाया हसल्या. आम्हीही हसलो. पण आम्हांस 'हलके काम' हे शब्द आठवले, आणि त्या दिवशी पंचाची शिट्टी कधी वाजली, कोण जिंकले, हे आज विचाराल तर सांगता येणार नाही. त्या बाईंनी करार वाचला नव्हता, त्यांना वाचता येत नव्हते. पण दराचा प्रश्न त्यांनी मीटरांत विचारला होता. १९७२ नंतर याच आपल्या शहादे तालुक्यात श्रमिक संघटनेच्या भिल्ल बायांनी गावोगावच्या दारूच्या भट्ट्या फोडल्या. त्या हकिकती आम्ही सभांतून शंभर वेळा सांगितल्या आहेत. ते काम हलके होते असे कोणी म्हटले नव्हते. आणि आम्ही ते कागदावर लिहून सही केली होती.

कोणता नियम कुंपण आणि कोणता नियम छप्पर, याचा विचार आम्ही त्यानंतर पुष्कळ केला. बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ साली झाला. तो वेगळा नियम आहे आणि तो हवाच. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायांना रात्री कामाला बोलावण्यास बंदी केली होती. तिच्यामुळे पुष्कळ बायांची झोप वाचली आणि पुष्कळ बायांची नोकरीही गेली. एकच कलम, दोन्ही गोष्टी. वरून पाहून कळत नाही. ज्यांच्यासाठी नियम केला त्यांना विचारावे लागते, आणि विचारले की उत्तर आपल्या अपेक्षेप्रमाणे येतेच असे नाही.

कारण पुढच्या वर्षी आम्ही मोठ्या उत्साहाने बायांना सांगितले की यंदा तुमचे मैदान पुरुषांएवढे आखू. आम्हांस वाटले, टाळ्या पडतील. त्यांनी आपसांत बराच वेळ चर्चा केली, आणि त्याच बाई म्हणाल्या की मैदानाचे मागाहून पाहू. आधी सामना सकाळी घ्या. गेल्या वर्षी आधी पुरुषांचे सामने, मग भाषणे, मग बायांचा सामना दुपारी एकला. जमीन तापलेली, घरी भाकरी व्हावयाची, लेकरे रडताहेत. नियमांचे पुस्तक आम्ही पानोपान वाचले होते. त्यात वेळेचा हा मुद्दा कोठे नव्हता. सामना सकाळी घेतला. लहान मैदानावरच झाला. मोठे मैदान त्यांनी मागितले ते आणखी दोन वर्षांनी, आणि ते का, तर चढाईला गेलेल्या बाईला बाजूने निसटावयास जागा हवी म्हणून. तत्त्वाचा प्रश्न आमचा होता, त्यांचा खेळाचा.

दराचे म्हणाल, तर २००४ च्याच हंगामात नवे मागणीपत्र दिले. अकरा दिवस पथारी बंद राहिली. 'हलके काम' हे शब्द निघाले, दरात निम्मा फरक भरून निघाला. उरलेला निम्मा पुढच्या करारात भरून आला, तेव्हा २००७ साल उजाडले होते. सहा हंगाम त्या बायांनी कमी दराने देठ खुडले आणि रोजच्या त्या फरकाची बेरीज आमच्याकडे वहीत लिहिलेली आहे. ती येथे वाचून दाखवीत नाही.

एडमंटनच्या संघाचे शेवटी काय झाले, असे कोणी विचारील. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले. ज्या बंदिस्त मैदानात त्या खेळत, ते विमानदलाने ताब्यात घेतले. प्रेक्षकही पूर्वीइतके येत नव्हते. नेहमी जिंकणाऱ्या संघाकडे लोक पुढे पुढे फिरकत नाहीत. १९४० साली संघ विसर्जित झाला. पेजसाहेब राजकारणात गेले आणि १९५९ साली आल्बर्टाचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. मुली कोणी कचेरीत राहिल्या, कोणी संसारात गेल्या.

अंडरवुडची शाईची फीत आता कोठे मिळत नाही. यंत्र कचेरीत कपाटावर आहे.

घंटा वाजण्याच्या आत एक सूचना करून बसतो. १ मे रोजी सकाळी सात वाजता बाजार समितीमागच्या पटांगणात पथारीवरच्या बायांची कबड्डी आहे. मैदान तेरा बाय दहाचे आखले आहे. नवापूरहून एक संघ येणार आहे. त्यांच्या भाड्याची वर्गणी अजून पुरी झालेली नाही. पावतीपुस्तक घेऊन आमचे दोन कार्यकर्ते दाराशी उभे आहेत.